पडद्यातलं पाणी मोजताना या चुका टाळा

"सर, न गोठणारं पाणी भरपूर निघालं!" असं कुणी सांगितलं की मी आलेख नंतर बघतो. आधी विचारतो, वजन कधी केलंस?

पॉलिमरच्या पडद्यातलं काही पाणी मोकळं असतं, ते शून्याच्या आसपास वितळतं. काही साखळ्यांना धरून असतं, ते त्याखाली वितळतं. काही गोठतच नाही, आणि ते डीएससीला, म्हणजे नमुना तापवताना-गार करताना शोषलेली-सोडलेली उष्णता मोजणाऱ्या यंत्राला, दिसतही नाही. एकूण पाण्यातून वितळलेलं वजा करायचं, उरेल ते न गोठणारं. म्हणजे आपला सगळा गलथानपणा त्याच्याच खात्यात जमा होतो.

जळगावातला मे महिना, बाहेर ४४ अंश. एका विद्यार्थिनीनं पीव्हीए या पॉलिमरचा भिजलेला तुकडा टिपकागदानं टिपला, वजन केलं: १० मिलिग्रॅम, त्यात पाणी ४. झाकण दाबून बंद करणाऱ्या क्रिम्परवर दुसऱ्याचं काम चाललेलं, म्हणून ती उघडा पॅन, म्हणजे नमुन्याची इवली डबी, घेऊन पंख्याखाली थांबली. वितळण्याची उष्णता आली ६६८ मिलिज्यूल. ग्रॅमला ३३४ ज्यूलनं बर्फ २ मिलिग्रॅम, म्हणजे न गोठणारंही २. तीन आठवडे आम्ही हायड्रोजन बंधांवर चर्चा केली. शेवटी तोच पॅन टोचून १०५ अंशांवर वाळवला, तर पाणी ३ मिलिग्रॅमच! एक मिलिग्रॅम पंख्यानं नेलं होतं. न गोठणारं पाणी निम्म्यावर आलं आणि तिचा अर्धा अहवाल पुन्हा लिहावा लागला.

तेव्हापासून माझ्याकडे सील केल्यावरचंच वजन धरतात. रन झाल्यावर पुन्हा तोलायचं. घटलं तर पॅन गळका, आकडा फेकून द्यायचा. नाही घटलं तर झाकण सुईनं टोचून वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. दोन तास जातात. जाऊ द्या. एवढा धीर नसेल त्यानं या विषयात पडू नये.

थंड करताना उणे १० वर थांबू नका. इवल्याशा तुकड्यातलं पाणी उणे २० पर्यंतही द्रव राहू शकतं. मी मिनिटाला ५ अंशांनी उणे ६० पर्यंत जातो, तिथं दहा मिनिटं थांबतो. तापवताना वितळण्याआधी उष्णता बाहेर पडताना दिसली, तर थंड करण्यात घाई झाली असं समजा.

सगळीकडे ३३४ लावू नका. उणे २० ला वितळणाऱ्या बर्फाला ग्रॅममागे साधारण २९० ज्यूलच लागतात. ३३४ नं भागलं की बर्फ कमी भरतो आणि न गोठणारं पाणी पुन्हा फुगतं.

यंत्र पारखायला वापरतात ते इंडियम १५६.६ अंशांना वितळतं. शून्याखालच्या कामाला तेवढ्यावर भागवू नका, शुद्ध पाण्याचा पॅनही चालवा.

आणि वाळवलेला पडदा कूलरच्या झोतात तोलू नका. पीव्हीए ओलावा ओढून घेतो.