व्यालेल्या गाई-म्हशींच्या खुराकात तेल किती चालते?

पावसाळ्याच्या अखेरीस व्यालेली जनावरे आता दुधाच्या भरात आहेत. व्याल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दूध शिखरावर जाते, पण खाणे पूर्ण वाढायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळातली ऊर्जेची तूट जनावर अंगावरच्या चरबीतून भरते. मग बरगड्या दिसू लागतात आणि माजही लांबतो. चरबीत पिष्टाच्या सव्वादोन पट ऊर्जा असते, म्हणून या दिवसांत खुराकात तेल, सरकी किंवा बायपास फॅट (पहिल्या कप्प्यात न फुटता पुढे जाणारी चरबी) घालतात. घोटाळा होतो तो प्रमाणात.

पोटातले चारा पचवणारे जिवाणू मोकळ्या तेलात तग धरत नाहीत. तेलाचा थर कडब्याच्या तंतूंवर बसला की जिवाणूंना तिथे चिकटता येत नाही. चारा कमी पचतो, दुधातली चरबी तयार व्हायला लागणारे अ‍ॅसेटेट घटते आणि डेअरीत फॅट ३.५ च्या खाली लागते. फॅट वाढावी म्हणून रोज तेल पाजायचे आणि दरात कपात सोसायची, हा प्रकार गोठ्यागोठ्यांत दिसतो. पोटफुगीत तेल पाजतात ते एकदाच, फेस मोडण्यासाठी. तो रोजचा खुराक नव्हे.

एकूण चरबी कोरड्या खाद्याच्या ६ टक्क्यांच्या आत ठेवा. १५ लिटर देणारी संकरित गाय दिवसाला सुमारे १४ किलो कोरडे खाद्य खाते, म्हणजे मर्यादा ८४० ग्रॅम. वैरण आणि पशुखाद्यातूनच ४०० ग्रॅमच्या आसपास जाते. दीड किलो अख्ख्या सरकीत आणखी पावणेतीनशे ग्रॅम तेल असते. उरले दीडशे ग्रॅम. त्यात बायपास फॅटची पूर्ण मात्रा बसत नाही, म्हणून ते सुरू करताना सरकी पाऊण किलोवर आणा. घाण्याच्या पेंडेत ६ ते ८ टक्के तेल राहते, सॉल्व्हंट (रसायनाने तेल काढलेल्या) पेंडेत जेमतेम एक. कोणती पेंड घालता त्यावर हिशेब बदलतो.

बायपास फॅटची मात्रा रोजच्या दुधाच्या लिटरमागे १५ ते २० ग्रॅम. सुरुवात विण्याच्या दहा दिवस आधी ५० ग्रॅमने करा, आठवडाभरात हळूहळू वाढवा आणि व्याल्यानंतर ९० दिवसांपर्यंत चालू ठेवा. वास उग्र असल्याने एकदम घातले तर गाय गव्हाण सोडते. आंबोणात नीट कालवूनच द्या. कॅल्शियमयुक्त प्रकारात सुमारे ८४ टक्के चरबी असते. पोटातला सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सहाच्या वर असेपर्यंत तो अखंड राहतो आणि पुढे चौथ्या कप्प्यातल्या आम्लात फुटतो. मक्याचा भरडा भरमसाट असेल तर सामू आधीच उतरतो आणि चरबी पहिल्याच कप्प्यात मोकळी होते. अशा गोठ्यात दाणेदार, कडक चरबीचा प्रकार बरा.

चरबी कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवते, त्यामुळे खनिज मिश्रण रोज ५० ते १०० ग्रॅम हवेच. दुधातली प्रथिने किंचित उतरतात. एसएनएफ (दुधातले चरबी सोडून उरलेले घनपदार्थ) काठावर असेल तर पेंड कमी करू नका. शेण पातळ, चकचकीत आणि त्यात न पचलेले तुकडे दिसले, रवंथ मंदावली, की आधी मोकळे तेल बंद करा, मग सरकी निम्मी.

नव्या हंगामाची सरकी ओलसर असते. बुरशी धरलेली किंवा खवट वासाची सरकी देऊ नका. लहान वासरांना तर सरकी अजिबात नको, तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना झेपत नाही.

मांसासाठी बोकड पाळणाऱ्यांनी हात आखडताच ठेवावा. बोकडाची चरबी आधी आतडी-मूत्रपिंडांभोवती साठते, मांसात उशिरा आणि थोडीच. तिचे पैसे कसाई देत नाही. पोटातले जिवाणू तेल बरेचसे घट्ट करून टाकतात, म्हणून तेल पाजल्याने मटण मऊ होईल ही अपेक्षाही फोल. जवसाने मांसातली ओमेगा-३ वाढते हे खरे, पण असे मांस ठेवल्यावर लवकर खवट होते. जोडीला ई जीवनसत्त्व द्यावे लागते.