गळाला अनोळखी मासा लागला? या चुका टाळा

लागोपाठ काही रविवार कोरडे गेले की माणसाचं काय होतं, ते उजनीच्या फुगवट्यावर बसून मी पुष्कळ पाहिलंय. आधी कणकेत वेलची पडते, मग व्हॅनिला, मग कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं हमखास मिश्रण. दर दहा मिनिटांनी जागा बदलते. आणि एका संध्याकाळी काठी वाकते. वर येतो तो कटला नसतो, रोहू नसतो, चिलापीसुद्धा नसतो. काळं, मिशाळ, वळवळणारं काहीतरी, जे त्या माणसाने आजवर बघितलेलंच नसतं. पुढच्या मिनिटभरात जे घोळ होतात ते बघून मला कंटाळा आलाय. गळ बांधायला शिकवणारे ढिगाने आहेत, मासा काठावर आल्यावर काय करू नये हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी हात, मग डोळे

सगळ्यात मोठी चूक ही. नशीब उघडलं या आनंदात माणूस मासा नीट बघतच नाही, सरळ मूठ आवळतो.

अनोळखी मासा असा पडत्या काळातच का येतो, याला कारण आहे. एप्रिल-मे महिन्यात पाणी आटतं, तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो. कटला-रोहूचं खाणं मंदावतं, म्हणून तुमचे रविवार कोरडे जातात. पण शिंगी, मागूर, मरळ हे पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे डबक्यासारख्या पाण्यातही त्यांचं बरं चाललेलं असतं. त्यात शिंगी-मागूर अंधार पडल्यावर तळाशी चरतात. तुम्ही वैतागून गांडूळ लावलेला गळ तळाला सोडून दिलेला असतो. म्हणजे नकळत त्यांच्याच ताटात वाढलेलं असतं.

भिगवणच्या अलीकडे एका मे महिन्यात पुण्याहून चार पोरं आली होती. महागाचे रॉड, टोप्या, सगळा थाट. त्यातल्या एकाला दिवसभर काही लागलं नव्हतं आणि बाकीचे त्याची चेष्टा करत होते. दिवेलागणीला त्याला वीतभर शिंगी लागली. शेजारी जाळं आवरत बसलेले मामा ओरडले, “आरं, हात नगं लावू! शिंगी हाय ती!” तोवर पोराने गळ सोडवायला ती मुठीत धरली होती. शिंगीच्या छातीच्या दोन्ही परांना एकेक काटा असतो आणि त्याला विष असतं. काटा अंगठ्याच्या बुडाशी घुसला. पोरगं खालीच बसलं. कळ कोपरापर्यंत चढली, घामाने शर्ट भिजला.

मग सुरू झाले मित्रांचे उपचार. एकाने मनगटाला रुमाल करकचून बांधला. दुसऱ्याने कोल्ड्रिंकच्या पेटीतला बर्फ आणला. तिसरा कांदा शोधत होता. मामांनी रुमाल सोडायला लावला आणि चहाच्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, साधारण ४५ अंशांच्या आत, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. पाणी निवलं की पुन्हा गरम घालायचं. हे विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं, म्हणून बर्फ इथे चालत नाही. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, चांगल्या हाताने घ्यायचा, कारण ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही. पोराची कळ तासाभरात उतरली. तरी त्याला रात्रीच दवाखान्यात पाठवलं. काट्याचं टोक आत मोडून राहू शकतं, जखम चिघळू शकते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नसतं. गरगरलं, श्वास लागला, तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना.

माझी सवय सांगतो. मिशा दिसल्या की मी मासा हातात धरतच नाही. जाळीच्या झेल्यात घेतो, वर ओलं गोणपाट टाकतो आणि लांब टोकाच्या पक्कडीने गळ फिरवून काढतो. गळ खोल गेला असेल तर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोंडाजवळ कापून मोकळा होतो. दोन रुपयांच्या गळासाठी अंगठा पणाला लावणाऱ्यांचं मला कौतुक नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि छातीचे काटे ताठ उभे राहून अडकतात, त्यालाही हेच. वांब लागली तर लोक साप समजून रॉडच टाकून देतात. वांबेला विष नसतं, पण पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि ती मुठीतून मागे सरकत बोटं फाडते.

मिशा न मोजता नाव ठेवणे

काठावरून धूसर फोटो पाठवायचा आणि ग्रुपवरचा पहिला माणूस म्हणेल ते नाव मानायचं, ही फॅशन झालीय. फोटो काढायचाच तर पर उघडून आडवा, डोकं वरून आणि तोंड खालून, असे तीन काढा. शेजारी काडेपेटी ठेवा.

आणि मिशा मोजा. शिंगीला आठ, मागूरला आठ, शिंगाळ्यालाही आठ, शिवड्याला चारच. आता पाठ बघा. पाठीवरचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब असेल तर मागूर. चिमूटभर झुबका असेल तर शिंगी. एवढ्यात निम्मी भांडणं मिटतात.

“जाऊ दे, सोडून दे पाण्यात”

सोडून देणं ही चांगली सवय आहे, पण प्रत्येक माशाला नाही. अंगावर चिलखतासारखी खवली, पोट चपटं, तोंड खाली चिकटल्यासारखं, असा मासा आला तर तो सकर. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या टाकीतून आपल्या नद्यांत पोचलेला. काठाला बिळं पाडतो, जाळी फाडतो. उजनीतल्या मच्छीमारांना विचारा, शिव्याच ऐकायला मिळतील. तो परत पाण्यात टाकायचा नाही. पण काठावर तडफडत ठेवून सेल्फी काढणंही मला पटत नाही. डोक्यावर एक जोरदार घाव, मग खड्डा.

आफ्रिकन मागूरचंही तसंच. गावठी मागूरपेक्षा कितीतरी मोठा होतो, अंगावर बहुतेकदा राखाडी ठिपक्यांची नक्षी असते. देशात त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे. तरी गळाला लागलेला असा जिवंत मासा बादलीत घालून गावी नेणारे आणि ‘मजा म्हणून’ विहिरीत सोडणारे महाभाग मी पाहिलेत. माझ्या एका नातलगाच्या शेततळ्यात कोणीतरी असे मासे सोडले होते. त्याने रोहूची बोटुकली आणून टाकली होती, खाद्य घालत होता, हिशोब मांडत होता. दिवाळीनंतर तळं उपसलं तेव्हा रोहू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि गाळात लोळणारे मांडीएवढे मागूर. ज्याने सोडले त्याला पत्ताही नसेल. अनोळखी जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायचाच नाही, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

उलट, मोठी सोनेरी खवली, जाड ओठ आणि चार मिशा असतील तर तो बहुधा महसीर. हा मात्र लगेच सोडा. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि आज त्याच नदीत तो शोधून सापडायचा नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं ठिकठिकाणी सोडतात. महाडकडे वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. सोडताना हात ओले करा, मासा पाण्याबाहेर उचलू नका आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निघेपर्यंत धरा.

बाकीचं थोडक्यात

काठीचं टोक हललं की हिसका मारू नका. तळाचे मासे आधी चाचपतात, दोर सरकायला लागला की मग ओढा.

दहा मिनिटांत जागा बदलणाऱ्याला मासा लागला तर तो चुकून.

शहराच्या सांडपाण्याखालच्या पात्रातला मासा खाऊ नका, ओळखीचा असला तरी. ओळख पटली नसेल तर कुठलाच खाऊ नका, गाभोळी तर नाहीच.

विरोळा, म्हणजे पाणसाप, गळाला लागला तर मारू नका. बिनविषारी असतो, पण चावतो. दोर लांबून कापा.

तुटलेलं तंगूस खिशात घाला. बगळ्यांच्या पायात अडकतं.

आणि धरणावर बसण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतो. न विचारता बसलात तर हटकतील. विचारलंत, चहा पाजलात, तर कुठल्या खडकाखाली काय बसलंय तेही सांगतील.