वस्तीतलं मैदान आणि संध्याकाळचा वर्ग: या चुका टाळा

पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही संध्याकाळी तासभर खो-खो आणि नंतर तासभर अभ्यास असं काम सुरू केलं, तेव्हा पहिल्या महिन्यात ५० मुलं यायची. दिवाळीनंतर १९ उरली. गळलेल्या मुलांच्या घरी जाऊन बसले, आयांशी बोलले, तेव्हा कळलं की त्यातल्या बहुतेकांना आम्हीच घालवलं होतं. तेव्हा काय चुकलं ते इथे लिहितेय. असं काम नव्याने उभं करणाऱ्याची दोन वर्षं तरी वाचतील.

‘अभ्यास नाही, तर खेळ नाही’

ही सगळ्यात मोठी चूक. गृहपाठ राहिला की बस बाहेर. चाचणीत मार्क कमी पडले की आज पाळी नाही. ऐकायला ही शिस्त वाटते. पण गृहपाठ राहतो कोणाचा? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, आई धुण्याभांड्यांची कामं उरकून रात्री आठला येणार, अशा घरातल्या मुलाचा. ज्याला मैदानाची गरज सगळ्यात जास्त, त्याचंच मैदान आपण आधी काढून घेतो.

आमच्याकडे सहावीतला एक मुलगा होता. खांबाला वळसा असा घ्यायचा की मागच्याचा हात पाठीपर्यंत पोचायचाच नाही. वाचता मात्र येत नव्हतं. मी त्याला सलग तीन दिवस कडेला बसवलं. चौथ्या दिवशी तो आला नाही. पुढे मोठ्या भावाबरोबर भंगार गोळा करायला जाऊ लागला आणि मग शाळाही सुटली. मी चार वेळा त्याच्या घरी गेले. तो परत आला नाही.

मग अट घालायचीच नाही का? घालावी, पण मुलाच्या हातात असेल तेवढीच. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी सुरू केलेल्या ऑस्कर फाउंडेशनचा नियम आहे, ‘शाळा नाही, तर फुटबॉल नाही’. या नियमात मार्कांचा उल्लेख नाही, फक्त शाळेत जाण्याचा आहे. रोज शाळेत जाणं बऱ्याच मुलांना जमू शकतं. तीन वर्षं मागे पडलेल्या मुलाला महिन्याभरात गणितात पास होणं जमत नाही. आणि शाळा बुडालीच, तर आधी कारण विचारायचं. धाकट्या भावाला ताप आला म्हणून घरी थांबलेल्या मुलीचा खेळ बंद करायचा, यात कसली आलीये शिस्त?

इयत्तेप्रमाणे ओळी लावणं

पाचवीची मुलं इकडे, सहावीची तिकडे, आणि पुढ्यात त्या-त्या इयत्तेचं पुस्तक. आम्हीही हेच केलं. पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट सलग वाचता येत नव्हती, आणि आम्ही त्यांना पर्यावरण संतुलन समजावत होतो.

यावरचा उपाय आपल्याच राज्यात कधीचा सापडलेला आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना ‘बालसखी’ म्हणून तयार केलं आणि मागे पडलेल्या मुलांच्या लहान गटांना अगदी पायापासून शिकवलं. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा काटेकोर अभ्यास झाला आणि मुलं पुढे सरकल्याचं दिसलं. करायचं एवढंच: प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा आणि क्रमाने अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट वाचायला द्या. जिथे अडेल, तिथून सुरुवात. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

यात एक खाच आहे. सातवीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसला की लाजतो, चिडतो, दंगा करतो. दंगा करणारं मूल दिसलं की मी आता पहिल्यांदा त्याचं वाचन तपासते. आम्ही वाचनाचे गट आणि खो-खोचे संघ मुद्दाम वेगवेगळे केले. वाचनात अडणारा मुलगा मैदानावर संघनायक होता आणि वर्गातली हुशार मुलगी त्याच्याकडून सूर मारायला शिकत होती. दंगा बराच निवळला.

गृहपाठाबद्दलही सांगते. पूर्ण तास गृहपाठाला दिला तर मुलं गाईडमधून उतरवत बसतात. वही भरते, डोक्यात काही जात नाही. वीस मिनिटं गृहपाठ, बाकी वेळ वाचन आणि हिशोब.

आणि कृपा करून प्रत्येक खेळात पाढे घुसवू नका. मुलाला दिवसातून एक तास तरी नुसतं पळू द्या.

मुली कुठे गेल्या?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. आमच्या मुलींनी प्रियंकाचा फोटो वर्गाच्या भिंतीवर लावला. तरीही सहा वाजले की एकेक जण निघायची. “ताई, पाणी आलं.” नळाला पाणी यायची वेळ आणि आमच्या खेळाची वेळ एकच होती, आणि हंडे भरायचे मुलींनीच. आम्ही महिनाभर ‘मुलींना खेळात रस नाही’ असं समजून बसलो होतो.

वेळ ठरवण्याआधी मुलींना आणि त्यांच्या आयांना विचारा. धाकटं भावंड कडेवर घेऊन येणार असेल तर येऊ द्या, सावलीत सतरंजी टाका. जवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, हे स्वतः आत जाऊन पाहा. अंधार पडायच्या आत सोडा, नाहीतर घरापर्यंत कोण सोडणार ते आधी ठरवा. मोठी मुलं मैदानाचा मधला भाग बळकावतात, म्हणून आठवड्यातले ठरावीक दिवस मैदान फक्त मुलींचं ठेवा.

स्पर्धेच्या मागे लागणं

चषक आला की देणगीदार खूश होतो. मग बारा मुलं निवडली जातात आणि उरलेली टाळ्या वाजवतात. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांना जरूर पाठवा, पण रोजच्या सरावात प्रत्येकाला पाळी मिळालीच पाहिजे.

भूक विसरू नका. शाळेतली खिचडी दुपारी खाल्लेली असते. साडेपाचला मूल मरगळलेलं दिसलं तर तो आळस नसतो. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा दिला की फरक डोळ्यांना दिसतो.

शिकवायला शहरातले कार्यकर्ते जरूर घ्या, पण वर्ग त्यांच्या भरवशावर ठेवू नका. परीक्षा आली, नोकरी लागली की ते जातात, आणि मुलं आठवडाभर “दादा कधी येणार?” विचारत राहतात. वस्तीतल्याच बारावी झालेल्या मुलामुलींना मानधन देऊन तयार करा.

बांधकामावरची कुटुंबं दर काही महिन्यांनी साइट बदलतात. मूल गेलं की पटावरचं नाव कापून मोकळं होऊ नका. नव्या जागेजवळची शाळा शोधून द्या. दाखला मिळायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पालकांना हे माहीत नसतं, म्हणून शाळेत त्यांच्यासोबत आपण जायचं.

शेवटची चूक आम्ही केली नाही, पण होताना पाहिली आहे: ‘भला माणूस आहे’ म्हणून प्रशिक्षकाची चौकशी न करणं. आधी कुठे काम केलं, तिथून का सोडलं, हे फोन करून विचारा. कोणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत नको. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आपापसात मिटवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक आमच्या वर्गात फळ्याच्या वर, मुलांना दिसेल असा, मोठ्या आकड्यांत रंगवलेला आहे.