आधी उठणं, मग चालणं

थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: रोज थोडं चालत जा. पण ज्यांना खुर्चीतून उठायलाच दोन झोके घ्यावे लागतात, त्यांनी सुरुवात चालण्यापासून करू नये. चालायला लागणारी मांडीची ताकद आणि तोल आधी हवा.

ती ताकद या वयात येते का? १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. वजन नावापुरतं नव्हतं, चांगलं जड होतं.

सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयविकार असेल, नुकतं हाड मोडलं असेल किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर. सपाता आणि नुसते मोजे नकोत. टाचेला घट्ट बसणारे बूट घाला. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी असू द्या.

पायरी १: खुर्चीतून उठणं. खरा व्यायाम हाच. हाताची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक खाली वाटली तर वर घट्ट उशी ठेवा. पुढच्या कडेशी सरका, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या आणि नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका. बहुतेकांचं अडतं ते इथेच: पडण्याच्या भीतीने ते मागे रेलून उठू पाहतात. मग जोर लावून उठा, क्षणभर थांबा आणि चार आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसू नका. स्नायूंचं निम्मं काम बसतानाच होतं. श्वास कोंडू नका, मोठ्याने आकडे म्हटले की तो आपोआप चालू राहतो.

जमेल तेवढ्या वेळा करा, तीनदा जमलं तरी चालेल. हळूहळू आठ-दहावर जा, थोडं थांबून दुसरी फेरी करा. एक दिवसाआड पुरे.

पायरी २: टाचा उचलणं. ओटा किंवा जड टेबल धरून चवड्यांवर उभे राहा, सावकाश खाली या. दहा वेळा.

पायरी ३: तोल. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, समोर खुर्ची ठेवा. पावलं जुळवून दहा सेकंद. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. तेही जमलं की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. थोडं डुगडुगायला हवं. अजिबात डुगडुगत नसेल तर तोलाला काही कामच मिळत नाही.

पायरी ४: आता चालणं. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मग बाहेर.

पायरी ५: कठीण करत जा. नेमकं हेच राहून जातं. दहा वेळा उठणं सहज व्हायला लागलं की उशी काढा, नंतर हातांचा आधार कमी करा, शेवटी हात छातीवर बांधा. महिनोन्‌महिने तेच सोपं करत राहिलात तर ताकद तिथेच थांबते. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखल्या तर घाबरू नका. छातीत दुखलं, गरगरलं किंवा बसूनही धाप थांबेना, तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

स्नायूंना प्रथिनंही लागतात. बहुतेक ज्येष्ठांना दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

आणि घरच्यांसाठी एक: पाण्याचा पेला मागितला की लगेच धावू नका. उठता येत असेल तर त्यांना उठू द्या, तुम्ही फक्त जवळ उभे राहा.