सी ड्राइव्ह बदलायच्या आधीचा शनिवार

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आपण आधी डाउनलोड्स रिकामं करतो, मग टेम्प फाइल्स, मग रिसायकल बिन. पंधरा दिवसांत पट्टी पुन्हा लाल. माझ्या लॅपटॉपचा २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे सगळा डेटा साठवणारा आतला ड्राइव्ह, असा तिसऱ्यांदा तुडुंब भरला, तेव्हा १ टीबीचा आणायचं ठरवलं. बदलायला दीड-दोन तास लागले. तयारीत अख्खा शनिवार गेला.

पैसे मोजण्याआधी लॅपटॉप उघडून जुना ड्राइव्ह डोळ्यांनी बघा. दुकानात 'एम डॉट टू द्या' एवढं सांगून भागत नाही. एम डॉट टू म्हणजे छोट्या पट्टीसारखा एसएसडी. त्यात साटा आणि एनव्हीएमई अशा जोडणीच्या दोन जाती, दिसायला जवळपास सारख्याच. लांबीही बघायची: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, पण काही लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. स्लॉट एकच असेल तर कॉपी होईपर्यंत नवा ड्राइव्ह बाहेरून जोडायला यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे ड्राइव्ह ठेवायची यूएसबीची डबी, लागतं, तेही त्याच जातीचं. मी घाईत साटाचं घेऊन आलो आणि दुकानात दुसरी फेरी पडली. विंडोजमध्ये १ टीबी जोडल्यावर ९३१ जीबीच दिसेल. दुकानदाराशी भांडू नका, हा फक्त मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

क्लोन, म्हणजे जुन्या ड्राइव्हची विंडोजसकट हुबेहूब कॉपी, करणार आहोत म्हणून बॅकअप टाळू नका. सोर्स (जिथून कॉपी करायची) आणि टार्गेट (जिथे करायची) उलटे निवडले गेले तर कोरा ड्राइव्ह भरलेल्यावर उमटतो. फोटो, टॅलीचा डेटा, कुठल्यातरी कोपऱ्यातले जुने मराठी फॉन्ट, सगळं तिसऱ्याच एखाद्या डिस्कवर जाऊ द्या. शिवाय ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर विंडोजचं इन्स्टॉलर तयार ठेवा, आणि ते लॅपटॉप धड चालू आहे तोवरच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. 'मी तर कधी चालू केलंच नाही' असं म्हणू नका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केल्यावर बऱ्याच लॅपटॉपांत ते आपोआप चालू होतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं की निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती त्या अकाउंटमध्ये ऑनलाइन मिळते, पण लॅपटॉपच अडून बसलेला असताना पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा आधीच कागदावर उतरवून घ्या. मी सहा-सहा आकड्यांचे आठ गट लिहिले आणि बायकोकडून एकदा ताडून घेतले. सातव्या गटात ३ चा ८ झाला होता. मग एन्क्रिप्शन बंद करून ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. याला वेळ लागतो, मध्येच उठवू नका.

ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एरर चेक करा, अर्धवट राहिलेले अपडेट पुरे करा.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून पार्टिशनचा, म्हणजे ड्राइव्हच्या पाडलेल्या भागांचा, मोबाइलवर फोटो काढा. बहुतेक ठिकाणी सी च्या उजवीकडे रिकव्हरीचं छोटं पार्टिशन असतं. जसंच्या तसं क्लोन केलं की वाढीव जागा त्याच्याही पलीकडे पडते, आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं, दाबलंच जात नाही. सातशे जीबी डोळ्यांसमोर, आणि सी मात्र लालच! म्हणून कॉपी करतानाच पार्टिशनचा आकार बदलू देणारं सॉफ्टवेअर निवडा आणि सी तिथेच ताणून घ्या.

त्या दिवशी कॉपी होईपर्यंत चार्जर लावलेला हवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस, कारण लाइट मुहूर्त बघून जात नाही. एन्क्लोजर यूएसबी ३ च्या पोर्टलाच जोडा. यूएसबी २ वर दोनशे जीबीला दीड-दोन तास सहज जातात. बारीक स्क्रू-ड्रायव्हर, मागचं झाकण सोडवायला जुनं एटीएम कार्ड आणि स्क्रूंसाठी एक वाटी. लांब-आखूड स्क्रू ज्या क्रमाने निघाले तसेच ठेवा. लॅपटॉप शिफ्ट दाबून शट डाउन करा म्हणजे तो पूर्ण बंद होतो, आणि आत हात घालण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

नव्या ड्राइव्हवर पहिल्यांदा चालू करताना जुना जोडलेला नको. माझा जुना पाकिटात आहे, वर तारीख लिहून. महिनाभर तो फॉरमॅट करायचा नाही.