स्वस्त बीच रिसॉर्ट निवडताय? आधी किनारा बघा, मग खोली

रिसॉर्ट शोधायला बसलेला माणूस पहिलं काय करतो? भाडं 'कमी ते जास्त' लावतो आणि वरच्या पाचांत ज्याचा पूल जास्त निळा दिसेल ते बुक करून मोकळा होतो. दहा मिनिटांत काम फत्ते. जायचं असतं समुद्रासाठी, आणि तपासली जाते ती गादी, टीव्ही नि बाथरूमची फरशी. समुद्र काय, असेलच की तिथे.

असतो, पण दिवसभर नसतो. भरती-ओहोटी न बघता बुकिंग करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि सगळ्यात जास्त केली जाणारीही. रिसॉर्टच्या जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा भरतीचा असतो. ओहोटीचा फोटो कोण कशाला लावेल? किनाऱ्याचा उतार १०० मीटरला १ मीटर असेल आणि भरती-ओहोटीच्या पातळीत ४ मीटरचा फरक असेल, तर पाणी ४०० मीटर मागे जातं. मधे उरतो चिखल, नाहीतर कालवं चिकटलेले, पाय कापणारे खडक.

मग पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. पहिल्या दिवशी भरती सकाळी ८ ला. नाश्ता, सनस्क्रीन, पिशव्या, मुलांची शोधाशोध करून कुटुंब साडेअकराला किनाऱ्यावर पोचतं. पाणी निम्म्याहून जास्त उतरलेलं, दोनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी शहाणी होऊन मंडळी साडेआठला हजर, तर भरती ऐन भरात. वाळूच शिल्लक नाही, लाटा थेट भिंतीवर आपटताहेत. तिसऱ्या दिवशी मुलं पूलमध्ये आणि वडीलधारे रिसेप्शनवर भांडायला. तिथला माणूस काय करणार? चंद्र त्याच्या ताब्यात नाही.

हे टाळायला पाच मिनिटं पुरतात. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जायच्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक काढा आणि रोजच्या भरतीच्या दोन तास आधी, दोन तास नंतर अशी रेघ मारा. तेवढेच तुमचे पोहायचे तास. ते पहाटे नि रात्री पडत असतील तर तारखा आठवडाभर पुढेमागे करा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्यात फरक कमी. जागेचाही प्रश्न असतो: भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर हा फरक अर्धा मीटरही नसतो, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो.

उतार ओळखायला उपग्रह नकाशा उघडा. किनाऱ्याला समांतर फेसाच्या तीन-चार रेषा दूरदूर दिसल्या तर पाणी लांबवर उथळ आहे. एकच रेषा, तीही अगदी वाळूला लागून असेल, तर उतार खडा. लाट थेट पायाशी फुटते आणि लहान मुलांना आडवं करते. जाड वाळूचे किनारे सहसा खडे असतात, बारीक वाळूचे सपाट. आणि फेसाच्या रेषेत मधेच काळसर, शांत पट्टा दिसला तर तिथून पाणी आत ओढलं जात असण्याची शक्यता धरा. नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात, कारण तिथे लाटा नाहीत!

दुसरी चूक म्हणजे नुसत्या एका रात्रीच्या भाड्यावरून तुलना करणं. इथे लोक हिशोब टाळतात आणि मग फसवलं म्हणून ओरडतात. समजा भाडं १००. त्यावर कर आणि सर्व्हिस चार्ज १५, चौघांचं बाहेरचं खाणं ७०, किनाऱ्यावरची छत्री-खुर्च्या १५, टॅक्सीच्या फेऱ्या २०. झाले २२०. शेजारचं रिसॉर्ट १६० सांगतं म्हणून तुम्ही ते सोडलं. पण त्यात कर, नाश्ता, रात्रीचं जेवण, छत्री सगळं होतं आणि ते किनाऱ्यावरच होतं. दुपारच्या खाण्याचे २५ धरले तरी १८५. कागदावर 'एका दिवसाचा एकूण खर्च' असा एकच रकाना करा, बाकीचे आकडे बघूच नका. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, फुल बोर्ड म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. पेयं त्यात सहसा नसतात. मुलांना सवलत कितव्या वर्षापर्यंत, हे लेखी घ्या.

'किनारा पाच मिनिटांवर' कोणाच्या चालीने? मिनिटाला ८० मीटर धरले तर ४०० मीटर, पण पोर कडेवर आणि हातात टोपलीभर सामान असलं की दुप्पट वेळ. 'किनाऱ्यापासून ३०० मीटर' हे अंतर पुष्कळदा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेलं असतं. मधे हायवे, रेल्वे किंवा दीडशे पायऱ्यांचा कडा असू शकतो. चालण्याचा मार्ग स्वतः काढून बघा.

'सी व्ह्यू' आणि 'सी फेसिंग' एक नव्हे. पहिल्यात बाल्कनीतून मान वाकडी करून दिसलेला निळा तुकडाही चालतो.

पश्चिमेकडची खोली सूर्यास्तासाठी घेतात, पण तीच खोली संध्याकाळी भट्टीसारखी तापते. एसी दिवसभर चालतो की ठरावीक तासच, ते विचारून घ्या.

पूलचा फोटो वाइड अँगलने काढलेला असतो. काठावरच्या खुर्च्या मोजा, खरा आकार कळतो.

परीक्षणं वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा; तीन ताऱ्यांवाले लोक नेमकं सांगतात. तेही तुम्ही जाणार त्याच महिन्यातले, मागच्या वर्षीचे. 'ब्लू फ्लॅग' (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन) दिसला तर तो किनाऱ्याला दिलेला असतो, रिसॉर्टला नाही, आणि एकाच हंगामापुरता.

उन्हाळा लागल्या लागल्या स्वस्त मिळतंय म्हणून धावू नका. विषुववृत्तापासून दूरच्या भागात समुद्र हवेपेक्षा हळू तापतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ऊन कडक असूनही पाण्यात पाय घालवत नाही. हंगाम संपता संपता भाडं तेवढंच उतरलेलं असतं आणि पाणी तोवर तापलेलं.

'नॉन-रिफंडेबल'मधली सूट घ्यायची तर वरचं सगळं तपासून झाल्यावरच. रद्द करायची सोय असलेलं बुकिंग केलं असेल तर शेवटची तारीखच नव्हे, वेळही लिहून ठेवा. ती बहुधा रिसॉर्टच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे मोजतात, तुमच्या नव्हे.