लावलेलं झाड जगत का नाही? शहरात झाडं लावताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीतलं तामण चौथ्या वर्षी, जूनच्या पहिल्याच वाऱ्यात आडवं झालं. वादळ वगैरे काही नव्हतं. समोरच्या बाल्कनीतले कपडेसुद्धा दोरीवरच होते. झाड बाजूला ओढताना बुडाकडे लक्ष गेलं. मुळं पसरलीच नव्हती. नर्सरीच्या पिशवीत होती तशीच गोल गोल, चकलीसारखी वळलेली, आणि त्यांच्यात अडकलेला काळ्या प्लास्टिकचा कपटा. चार वर्षं आम्ही पानांवर कीड शोधत होतो. दुखणं मातीखाली होतं.

तेव्हापासून कुणी "झाड सुकतंय, काय फवारू?" असं विचारलं, की मी आधी बुडाशी काय आहे ते विचारतो.

पिशवी फाडली, पण मुळं तशीच ठेवली

पिशवी पूर्ण काढायचीच, आणि तेवढ्याने भागत नाही. मातीच्या गोळ्याभोवती मुळांचं वेटोळं दिसत असेल तर धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभे काप द्या, तळाचा गुंता कापून टाका. हात कचरतो, पण तुटलेल्या मुळाला नवीन मुळं फुटतात. वेटोळं मात्र जाड होत जातं आणि पुढे झाडाचाच गळा आवळतं. रोप घेतानाच छोट्या पिशवीतलं पाच-सहा फुटी रोप टाळा. ते उंच दिसतं म्हणून लोक उचलतात. खरं तर ते पिशवीत फार दिवस कोंडलेलं असतं.

खड्डा खणला, पण त्यातलं डेब्रिज त्यातच

शहरात फूटभर खणलं की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्स लागतात. तेच परत खड्ड्यात लोटलं तर माती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. ओळखायचं कसं? नवी पालवी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ही पाण्याची कमतरता समजून लोक आणखी पाणी ओततात. जागा असेल तर तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, डेब्रिज बाहेर काढा, चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा.

मुरमाच्या जमिनीत आणखी एक घोळ होतो. खड्डा म्हणजे बादलीच. पावसाचं पाणी साचतं आणि मुळं कुजतात. आदल्या संध्याकाळी खड्डा पाण्याने भरून ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर पहारीने तळ फोडल्याशिवाय रोप लावू नका.

मुहूर्ताबद्दल एवढंच: ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटो चांगले येतात, पण मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीखच ११ जून आहे. एक-दोन दमदार पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजू द्या, मग लावा.

खोडाला मातीचा ढीग, नाहीतर सिमेंटचा गळफास

खोड जिथे रुंदावून मुळांत शिरतं, तो भाग उघडा दिसायला हवा. आमचे माळीकाका प्रेमाने खोडाशी माती चढवायचे. साल सतत ओली राहून कुजते, हे त्यांना पटवायला एक पावसाळा गेला. पालापाचोळ्याचं आच्छादन जरूर करा, पण खोडापासून वीतभर लांब.

पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट ही याहून मोठी चूक. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे अजूनही फुटपाथ नवा झाला की सिमेंट थेट सालीला टेकवलेलं दिसतं. लोखंडी ट्री गार्डचंही तसंच. लावणारे पुष्कळ, काढणारं कुणी नाही. कोपऱ्यावरच्या सप्तपर्णीच्या खोडात गजाची कडी अशी रुतलीय, की आता कटरने तुकडे करून सुद्धा निम्मी आतच राहील.

पाणी रोज, पण तांब्याभर

वरची दोन इंच माती ओली राहिली की मुळंही वरच घुटमळतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, पण पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश मुरू द्या. आणि आळं दरवर्षी मोठं करत बाहेर न्या. दहा वर्षांच्या झाडालाही खोडाशीच पाइप लावणारे बघितलेत. पाणी ओढणारी बारीक मुळं केव्हाच फांद्यांच्या टोकांच्या खालपर्यंत पोचलेली असतात.

जागा न बघता झाड

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, पार्किंगशेजारी नकोच. वड, पिंपळ, उंबर मैदानात लावा, पाण्याच्या टाकीजवळ नाही. विजेच्या तारांखाली कांचन किंवा पारिजातक पुरे. मोकळ्या रस्त्याला करंज, कडुनिंब, बकुळ. सप्तपर्णीच्या वासाने ऑक्टोबरात अनेकांचं डोकं उठतं, तेव्हा बेडरूमच्या खिडकीपाशी लावताना विचार करा.

पावसाळ्याआधीची "छाटणी"

शेंडा उडवणं म्हणजे छाटणी नव्हे. खुंटातून फुटणाऱ्या नव्या फांद्या घट्ट धरलेल्या नसतात. तीन-चार वर्षांनी त्याच फांद्या गाड्यांवर पडतात. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी कड असते, तिच्या जरा बाहेर कापा. जड फांदी आधी खालून थोडी चिरून घ्या, नाहीतर साल सोलून खाली येते. झाड आपल्या आवारातलं असलं तरी तोडण्यासाठी परवानगी लागते. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा खासगी जागेलाही लागू आहे. छाटणीआधीही पालिकेच्या उद्यान विभागाला विचारून घ्या.

बुडाशी कठीण, पंख्यासारखी आळंबी दिसली किंवा झाड अचानक कललं आणि एका बाजूची माती उचलली गेली, तर मात्र घरगुती उपाय नकोत. त्याखाली गाड्या लावू देऊ नका आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला कळवा.

तामणाच्या जागी आम्ही करंज लावलंय. त्यासाठी भोवतीचे पेव्हर ब्लॉक काढले, ते जिन्याखाली रचून ठेवलेत. चेअरमन काका अधूनमधून विचारतात, "ते परत कधी बसवायचे?"